पेटीखालचा चिरा

सब-वूफर रिक्षातून उतरवला तेव्हा शेवंतीकाकी सारंग
पायरीवर कोलंबी सोलत होत्या.
"एवडी काळी पेटी? आणि टीवी खंय आसा?"
टीव्ही नाही, म्हटलं. मृदंग आहे आत.

खोटं नव्हतं ते.
बाबल्या गुरवांनी दहिकाल्याच्या रात्री वाजवलेला,
मीच जत्रेत कॅसेटवर घेतलेला दीड तास.
डाव्या तोंडाला ओली कणीक थापलेली,
तिचा तो पोटातला 'धूं'
माझ्या छोट्या स्पीकरांतून वीस वर्षं
टिचकीसारखा येत होता.

पहिल्या रात्री तो आला.
माडीच्या फळ्यांतून, वाशांतून, कौलांतून आला.
खाली काकींच्या मांडणीवर
मुलाने मस्कतहून आणलेल्या सहा कपबश्या
आपापसात बोलायला लागल्या.
काकींनी काठीने तक्तपोशी ठोकली.
तीही तालात.

मग सुरू झालं पायांखालचं.
काथ्याचं पायपुसणं. गोणपाटाची चौघडी.
टेनिसचे चेंडू अर्धे कापून
(भाच्याचे, न विचारता).
शेवटी देवगड बंदरावर शमशू मिस्त्रीकडे गेलो:
लाँचच्या इंजिनाखालचे जुने रबर दे.
त्याने हात पुसले. "पेटीचं वजन किती?"
"अठरा किलो."
"हा पाव टन बसल्यावर दबतो.
तुझ्या पेटीखाली तो दगडच.
जो दबत नाही, तो काय अडवणार?
वर वजन वाढव, खाली मऊ दे."

म्हणून हा चिरा.
पडवी बांधताना उरलेला, भोकाभोकांत शेवाळ,
ब्रशने घासून दोन दिवस उन्हात ठेवलेला.
त्याखाली सायकलची ट्यूब, आठाचा आकडा करून.
हवेचा हिशोब लागायला चार संध्याकाळी गेल्या.
जास्त भरली की पुन्हा दगड,
कमी भरली की चिरा फळीला टेकतो;
मधे एक जागा अशी, की बोटाने ढकललं
तर पेटी खाडीतल्या होडीसारखी सावकाश हलते
आणि आपणहून थांबते.

कॅसेट लावली. फळीवर तळहात ठेवला.
काही नाही.
समोर मात्र बाबल्या गुरव मांडी घालून बसलेले,
आणि 'धूं' सुटा, कडेने नीट कापलेला.
आधी जो एवढा मोठा वाटायचा
त्यात अर्धं घरच वाजत होतं.

पंधरा दिवस काठी वाजली नाही.

अमावास्येला वाजली.
रात्रीचे दोन. मी झोपेत,
पेटीची पिन भिंतीतून काढलेली.
खाली उतरलो तर काकी मांडणीसमोर
मोबाईलचा उजेड धरून उभ्या,
आणि कपबश्या बोलत होत्या.
"बंद कर मरे ता."
"बंदच आहे, काकी."

दोघं गप्प उभे राहिलो.
कड्याच्या पोटात उधाण आदळत होतं,
दहा-बारा सेकंदांनी एकदा,
आणि त्याच्यामागून जमिनीतून काहीतरी यायचं,
जोत्यातून, भिंतीतून,
मांडणीच्या वरच्या खिळ्यापर्यंत.
कडेच्या कपाचा कान किणकिणायचा.
"कदीपासना होता ह्या?"
मला काय ठाऊक.
कप गेल्या दिवाळीचे.
त्याआधी तिथे जर्मनच्या ताटल्या होत्या,
त्यांचं कोण ऐकतंय.

वर जाऊन जुन्या ट्यूबचा तुकडा आणला,
कात्रीने सहा चकत्या केल्या,
प्रत्येक बशीखाली एक.
काकी बघत होत्या.
"आणि दर्याखाली खंयचो रबर घालतलस?"

झोप मोडलीच होती. त्यांनी चहा ठेवला,
मस्कतच्या कपांतूनच दिला.
पिऊन झाल्यावर बशी खाली ठेवताना
दोघांनीही जरा हळूच ठेवली.